लव्हाळ्याच्या चटईचा निकाल

फार पूर्वी, म्हणजे नक्की कधी ते आता कुणी सांगू शकत नाही, एका रुंद नदीच्या मधोमध एक बेट होतं आणि त्या बेटावर एक म्हातारा पंच राहायचा. नदीच्या एका अंगाला उत्तरतीर नावाचा देश, दुसऱ्या अंगाला दक्षिणतीर. दोन्ही देशांचे लोक समोरच्यांना ‘पलीकडचे’ म्हणत. पंचाला मात्र कुणालाच पलीकडचं म्हणता येत नसे, म्हणून तर त्याला पंच केलं होतं.

त्याचं काम ऐकायला सोपं होतं. एखादी कला किंवा एखादा सण नेमका कुणाचा, असा वाद उठला की दोन्ही बाजू ऐकायच्या आणि एका देशाचं नाव तांब्याच्या पत्र्यावर कोरून द्यायचं. त्यावर दोन्ही राजांची मोहोर उठे आणि विषय मिटे. निदान पत्र्यावर तरी मिटे. अशी तीस वर्षं गेली होती. ढोल कुणाचा, गुळाच्या वड्या कुणाच्या, नवरीला सासरी पाठवताना म्हणायचं गाणं कुणाचं. पंच अगदी विटून गेला होता. सकाळी वल्ह्यांचा आवाज आला की, आज आता काय घेऊन आले असतील, म्हणत तो पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचा.

त्या वर्षी ते चटई घेऊन आले.

नदीकाठच्या लव्हाळ्याची चटई दोन्हीकडे विणत. तिच्यावर एक तिरपी नक्षी असे. उत्तरतीराचे लोक तिला ‘मोरपाऊल’ म्हणत, दक्षिणतीराचे ‘नागवळण’. चटई तीच, नक्षी तीच, विणताना म्हणायचं गाणंही तेच, कारण कोणती पात वर उचलायची आणि कोणती खाली दाबायची हे त्या गाण्यातच सांगितलेलं होतं. एका जत्रेत कुणीतरी कुणालातरी म्हणालं की हा मोर आहे, नाग नव्हे. त्यावरून हमरीतुमरी झाली, दोघातिघांची डोकी फुटली, आणि राजांनी नदीवरच्या होड्याच बंद करून टाकल्या. एकट्या पंचाची होडी तेवढी चालू राहिली.

सुनावणी सुरू झाली. उत्तरतीराच्या पंडिताने तीन दिवस भाषण केलं. मग दक्षिणतीराच्या पंडिताने, आपण कमी पडायला नको म्हणून, साडेतीन दिवस केलं. मध्येच पंचाने विचारलं की तुमच्यापैकी कुणाला चटई विणता येते का, तर दोघेही दुखावले.

शेवटी साक्षीला कोंडाबाई नावाची विणकरीण आणली. ती उत्तरतीराची. वय सत्तरीच्या पुढे, बोटं लव्हाळ्याने चिरून चिरून टणक झालेली. काय बोलायचं ते पंडिताने तिला वाटभर पढवलं होतं. पण ती खाली बसली, पंचाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही निकाल देऊ नका.”

पंच म्हणाला, “बाई, निकाल द्यायलाच तर मला इथं बसवलंय.”

“माझी धाकटी बहीण भिवरा पल्याड दिलीय. आईनं आम्हा दोघींना एकाच अंगणात शिकवलं. तुम्ही आमच्या देशाचं नाव लिहिलंत की तिचा राजा तिचं विणणं बंद करणार. त्यांचं लिहिलंत की आमचा राजा माझं. अख्खं गाणं येणाऱ्या आता आम्ही दोघीच उरलोय. शिकायला कुणी येत नाही. म्हणतात, आधी आपलं ठरू दे, मग शिकू.”

कोंडाबाई उठली, आणि जाता जाता एवढंच बोलली, “तुम्ही मागं काठीनाचाचा निकाल दिला होता ना, त्याचं पुढं काय झालं ते एकदा बघून या. मग लिहा काय लिहायचं ते.”

काठीनाच म्हणजे उंच काठ्यांवर पाय बांधून नाचायचा नाच. तोही दोन्हीकडे होता. बारा वर्षांपूर्वी पंचाने तो उत्तरतीराच्या नावावर लिहून दिला होता, आणि हा निकाल आपला सगळ्यात चोख, असं तो मनाशी समजून होता.

दुसऱ्या दिवशी तो उत्तरतीराला गेला. तिथे त्याचं मोठं स्वागत झालं. ताम्रपटासाठी त्यांनी दगडी देवळी बांधली होती, तिला रोज झेंडूची माळ घालत, पहाऱ्याला माणूस होता. पंचाने सगळं पाहिलं आणि म्हणाला की आता जरा नाच दाखवा. मग एक वयस्क माणूस ओशाळून पुढे आला. तो एके काळी नाचायचा. तो म्हणाला की आमचाच आहे हे एकदा ठरल्यावर कुणी तेवढ्या जिद्दीने नाचायचं राहिलंच नाही, आणि आता गुडघे धरतात.

तिथून पंच दक्षिणतीराला गेला. तिथे त्याच्याकडे कुणी फारसं पाहिलंही नाही. निकाल लागला त्याच आठवड्यात राजाने नाचावर बंदी घातली होती. काठ्यांचं काय केलं असं विचारल्यावर एका बाईने सांगितलं की त्या जळणाला वापरल्या, चांगल्या महिनाभर पुरल्या.

परतताना पंच होडीत खाली मान घालून बसला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. तीस वर्षं आपण भांडणं मिटवली असं तो मानत आला होता, आणि भांडणं तर जिथल्या तिथे होती, ज्यावरून ती झाली त्या गोष्टी तेवढ्या गेल्या होत्या. घरी येऊन त्याने कोरा पत्रा पुढे घेतला आणि कंटाळून, थकून, पण या खेपेला पुरता विचार करून निकाल कोरला.

तो असा होता. ज्या देशात यंदा जास्त लोकांना ही चटई विणता येईल, त्या देशाच्या राजवाड्यात हा ताम्रपट वर्षभर राहील. पुढल्या वर्षी पुन्हा मोजणी. मात्र विणणाऱ्यांची परीक्षा समोरच्या देशाची विणकरीण घेईल. त्यात तिने लबाडी केली, तर ताम्रपट नदीत जाईल.

हा निकाल राजे झुगारून देतील आणि आपल्याला बेट सोडावं लागेल, असं पंचाला वाटलं होतं. त्याने गाठोडंही बांधून ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं फार दुःख नव्हतं. पण दोन्ही राजांना वाटलं की आपणच जिंकणार. दोघांनीही मोहोर उठवली.

मग एकच धांदल उडाली. एवढ्यात एवढे विणणारे आणायचे कुठून? उत्तरतीराच्या राजाने नदीवरच्या पहाऱ्याचे शिपाईच कोंडाबाईपुढे नेऊन बसवले. नाही तरी होड्या बंद असल्यामुळे त्यांना काम नव्हतं. दक्षिणतीराच्या राजाने भिवराबाईपुढे कचेरीतले कारकून बसवले. दोघी बहिणी आपापल्या काठावर सकाळपासून गाणं म्हणत, आणि दाढीमिशीचे बाप्ये त्यांच्यामागून सुरात किंवा बेसूर म्हणत.

परीक्षेचा दिवस आला. भिवराबाईसाठी होडी सोडावी लागली. होड्या बंद झाल्यापासून पहिल्यांदाच बहिणी भेटल्या, तेव्हा दोघींनी आधी एकमेकींचे हात धरून बोटं पाहिली, मग रडल्या.

परीक्षेत एक मिशाळ जमादार होता. गाणं त्याचं तोंडपाठ, पण चटई कडेला वर वळायची, जमिनीला टेकायचीच नाही. भिवराबाईने ती हातात घेऊन पाहिली आणि त्याला गाणं म्हणायला लावलं. सात पाती झाल्यावर त्यात एक शब्द यायचा, ‘थिरी’. तिने विचारलं की याचा अर्थ काय.

“गाण्यातला शब्द आहे, बाई. त्याला कुठला अर्थ?” जमादार म्हणाला.

“आमच्याकडचे होडीवाले म्हणतात थिरी. थांब, दम घे, असं. सात पाती झाल्या की हात सैल सोडायचा असतो. तुम्ही नुसते ओढत सुटलाय.”

कोंडाबाई बघतच राहिली. तिचा हात त्या शब्दावर आपोआप सैल पडायचा, पण का, ते आईने कधी सांगितलं नव्हतं आणि तिने कधी विचारलं नव्हतं. जमादाराने तिथेच दुसरी चटई विणायला घेतली. थिरी आलं की थांबला. चटई सपाट बसली.

उत्तरतीराचा पंडित मात्र खवळला. आपल्या शुद्ध गाण्यात पलीकडचा शब्द कसा, तो काढून टाका, असं तो म्हणू लागला.

“पंडितजी, तो काढला तर चटई वळते,” जमादार म्हणाला, आणि पुन्हा विणायला बसला.

पुढल्या महिन्यात कोंडाबाई परीक्षेला पलीकडे गेली, तेव्हा तिथल्या गाण्यातही असाच एक शब्द निघाला. कारकून तो नुसताच घोकत होते; भिवराबाईला तो इतका सवयीचा की त्याचा अर्थ सांगायचं तिला कधी सुचलंच नव्हतं. उत्तरतीरात त्याचा अर्थ पाणी शिंपडणं असा होता. त्यांच्या पाती कोरड्या पडून मोडत होत्या, त्या आता मोडायच्या थांबल्या.

भांडण संपलं असं कुणी समजू नये. पहिल्या वर्षी ताम्रपट दक्षिणतीराला गेला, तेव्हा उत्तरतीराने मोजणी चुकीची म्हणून आरडाओरडा केला. दुसऱ्या वर्षी उलट. पंचाचा कंटाळा काही गेला नाही. फक्त आता वाद असा असे की अमुक चटई पास का केली, आणि तो वाद घालणाऱ्याला चटई विणता येत असे. परीक्षेसाठी सोडलेल्या होड्या परत बांधायचं सगळे विसरूनच गेले.

सातव्या वर्षी परीक्षेच्या दिवशी पंच ताम्रपट पुसून अंगणात बसला. सकाळ गेली. दुपार झाली. कुणी आलं नाही. त्याला काळजी वाटली, पुन्हा डोकी फुटली की काय. तो काठाशी गेला आणि एका होडीवाल्याला हाक मारून विचारलं की लोक कुठे आहेत.

“खालच्या दलदलीत,” होडीवाला म्हणाला. “लव्हाळा यंदा उशिरा वाढला. दोन दिवसांत कापला नाही तर हातचा जाईल. दोन्हीकडचे झाडून सगळे तिथंच आहेत, दोघी म्हाताऱ्यासुद्धा.”

“आणि ताम्रपट?”

होडीवाल्याला जरा आठवावं लागलं. “तो होय? राहू द्या की तुमच्याकडंच. त्याचं आत्ता काय काम?” आणि तो वल्हं मारत दलदलीकडे निघून गेला.

पंच सावकाश घरी आला. सदतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला काही ठरवायचं नव्हतं. त्याने सावलीत एक चटई अंथरली. ती कोणत्या काठाची ते त्याने पाहिलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत तो गाढ झोपला.

तात्पर्य: कला कुणाची हे ठरवत बसलं की ती दोघांच्याही हातून जाते. दोघांनी ती एकमेकांकडून शिकत राहिलं, तर ती टिकते आणि भांडायला फारशी सवड उरत नाही.