करंजाची कोंडलेली सावली

एका राज्यात झाडं होती, पण सावली नव्हती. राजवाड्यापासून वेशीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना करंजाच्या रांगा. पानं हिरवीगार, तुकतुकीत, शेंगांनी फांद्या लवलेल्या. आणि बुंध्यापाशी पाहावं तर लख्ख ऊन. पाटीवाल्या बायका सवयीनं झाडाखाली टेकायच्या आणि चटका बसला की उठायच्या. आता जिथं गिऱ्हाईक घटकाभर टेकत नाही, तिथं दुकान मांडून करायचं काय? बाजार ओस पडला. व्यापाऱ्यांचे तांडे वेशीबाहेरूनच जाऊ लागले.

राजा प्रतापकेतूला बाजाराची काळजी होतीच, पण त्याचा जीव टांगणीला लागला होता तो धाकट्या लेकीपायी. इंदुलेखा पाळण्यात होती तेव्हापासून दुपारची वाड्याच्या दारातल्या करंजाखाली निजायची. सावली गेली त्या दिवशीच तिच्या अंगात ज्वर भरला. राजवैद्यांनी सांगितलं, हा ताप छपराखाली उतरायचा नाही, त्याच करंजाच्या सावलीत उतरेल. सावलीच्या शोधात आधी सेनापती गेला, मग प्रधान गेला. दोघंही परतले नाहीत.

मग राजा स्वतः निघाला. दारातल्या करंजाच्या ढोलीत एक तांबट राहत असे. मुठीएवढा पक्षी, पण बोलायला फटकळ.

"स्वारी निघाली का?" तो म्हणाला. "मला वाटलं, आता राणीसाहेबांच्या भावाला धाडाल."

"सावली कुठं आहे ते ठाऊक असेल तर सांग."

"भृंगनाथ मांत्रिकाच्या गुहेत. चला, वाट दाखवतो."

भृंगनाथाच्या डोंगराआधी एक तापलेला माळ लागला. राजा चाले तसा माळही पुढं पुढं सरके. तांबट म्हणाला, या माळाला छत्राची आणि जोड्यांची असूया आहे. राजानं छत्र टाकलं, जोडे टाकले, अनवाणी चालू लागला. पाय भाजले, पण माळ सरकायचा थांबला आणि डोंगर जवळ आला.

गुहेच्या तोंडाशी भृंगनाथ बसला होता. त्याच्या अंगावरची कंथा, जोग्याची गोधडी, धुराची होती. राजानं नमस्कार केला आणि नगराची सावली मागितली.

"आत कोंडली आहे," भृंगनाथ म्हणाला. "तिच्यातून चालत पलीकडच्या दाराशी जा. वाटेत बसलास, तर कायमचा बसलास."

राजा आत शिरला. साऱ्या राजरस्त्याची सावली तिथं थरावर थर साचली होती, गार, हिरवी, करंजाच्या मोहराच्या वासाची. भाजल्या पायांना ती लागली आणि त्याचे गुडघे आपोआप मोडू लागले. एका कडेला सेनापती मांडी घालून बसला होता. त्याच्या खांद्यावर मान टाकून प्रधान घोरत होता. दोघांच्या दाढ्या भुईला टेकल्या होत्या आणि चेहरे तर असे समाधानी, की राजाला हेवा वाटला. तोही टेकणारच होता. इतक्यात तांबटानं कानाशी टुक्‌टुक्‌ लावलं, तांब्यावर हातोडी पडावी तसं, अखंड. त्या आवाजाच्या ठेक्यावर राजा पाऊल उचलत राहिला आणि दाराशी पोचला.

दार दगडाचं, बंद. भृंगनाथ तिथंही बसलेला. त्यानं पाण्याचा गडू पुढं केला.

"माझं चुकलं काय, ते तरी सांगा," राजा म्हणाला.

"ते तुला उमगेल तेव्हा दार उघडेल. पाणी पी."

राजाच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं गडू तोंडाला लावला. अर्ध्यावर आल्यावर मात्र त्याचा हात थांबला, कारण त्याला इंदुलेखा आठवली.

त्या नगराची रीतच होती, की झाडाखाली विसावलेल्यानं उठताना भांड्यातलं उरलेलं पाणी त्याच झाडाच्या मुळाशी ओतावं. त्यानं चिखल होई. मोहर गळला की तो चिखलात रुते आणि राजाच्या मिरवणुकीत घोडे घसरत. म्हणून राजानं फरसबंदी करवली, पार बुंध्याला भिडवून. त्या दिवशी लेक रडत आली होती. आपल्या वाटीतलं पाणी झाड पीत नाही, पळून जातं, म्हणाली होती. राजा हसला होता आणि तिला नवी वाटी दिली होती.

राजानं गडू खाली घेतला आणि उरलेलं पाणी दारापाशीच्या उघड्या मातीत ओतलं. माती ते प्याली. दार उघडलं.

"घेऊन जा," भृंगनाथ म्हणाला. "मीही तुझ्या रस्त्यावर विसावलो होतो. माझं पाणी गटारात गेलं. म्हणून सावली इथं आणून कोंडली, आणि तेव्हापासून तिची राखण करतो आहे. आता मलाही पाठ टेकू दे."

सावली नदीसारखी बाहेर लोटली. सेनापती आणि प्रधान जागे झाले आणि आपले जोडे शोधू लागले.

नगरात पोचल्यावर सावली झाडांवर घिरट्या घालू लागली, पण खाली उतरेना. राजानं कुणाला हुकूम केला नाही. पहार मागवली आणि वाड्याच्या दारातल्या करंजाभोवतीचा पहिला दगड स्वतः उपटला. मग वाणी आले, पाटीवाल्या आल्या, प्रधान दाढी खोचून आला. जिथं जिथं माती उघडी झाली, तिथं तिथं सावली उतरून बसली.

इंदुलेखेला करंजाखाली निजवलं. दिवस कलण्याआधी तिच्या कपाळावर घाम आला. तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं, अर्धी वाटी प्याली आणि पडल्यापडल्याच उरलेलं पाणी मुळाशी ओतलं. चिखल राजाच्या पायांवर उडाला. त्यानं तो पुसला नाही.

"आता तुमचे घोडे घसरतील," ढोलीतून तांबट म्हणाला.

"घसरू देत," राजा म्हणाला, आणि तिथंच मातीत बसला.

त्या नगरावर उतरली तशी सावली, ही कथा ऐकणाऱ्याच्याही वाटेवर उतरो.