चिंचेचं टपाल

रानात टपालखातं नुकतंच सुरू झालं होतं, त्या काळची ही गोष्ट. तळ्याकाठच्या जुन्या चिंचेला वाळवी लागली. डोंगरापलीकडच्या कडुनिंबाने तिच्यासाठी तेलाचा बुधला टपालाने धाडला. चिंच वाट पाहत उभी राहिली. दुसरं ती करणार तरी काय!

आठवड्याने टपालवाल्या कोल्ह्याची चिठ्ठी वाऱ्यावर उडत आली: ‘तीनदा येऊन गेलो. चिंच घरी नव्हती. बुधला परत.’

चिंचेची पानंच मिटली. "खारुताई, मी कुठे गेले होते का गं?"

"दोनशे वर्षांत तरी नाही," ढोलीतली खार म्हणाली आणि थेट तक्रार करून आली.

चौकशीला खुद्द हत्तीसाहेब आले. ऊन फार, म्हणून चिंचेच्या सावलीत बसले आणि वही उघडून म्हणाले, "नोंद स्पष्ट आहे. तुम्ही बाहेर गेला होतात."

"साहेब, माझी मुळं तरी बघा!"

"मुळांचा रकाना वहीत नाही."

"मग हिच्या ढोलीत मी झोपले कशी?" खारीने विचारलं. साहेबांनी लिहून घेतलं: ‘खारही घरी नव्हती.’

"आणि आत्ता तुम्ही कुणाच्या सावलीत बसलाय?" चिंच कळवळून म्हणाली.

ऊन अंगावर आलं होतं. साहेब सावलीबरोबर जरा सरकले. "सावली आमच्या खात्यात येत नाही," म्हणाले, आणि शिक्का मारून निघून गेले.

शेवटी खारच डोंगर ओलांडून गेली आणि पानाच्या द्रोणातून तेल घेऊन चार दिवसांनी परतली. चिंच वाचली, पण तोवर वाळवी पहिल्या फांदीपर्यंत चढली होती. वाळवीला चिंचेचा पत्ता एक दिवसही चुकला नव्हता.