सुईताईचा दहावा टाका

एक होती शिंपीण. शिंपीण म्हणजे पक्षी बरं का. अंगठ्याएवढी. शेपूट वर, चोच पुढे. चोच इतकी टोकदार, की सगळे तिला सुईताई म्हणत.

सुईताई घरटं शिवत होती. दोन पानं जवळ घ्यायची. चोचीने भोक पाडायचं. सावरीच्या कापसाचा दोरा ओवायचा. टुच टुच, एक टाका. टुच टुच, दुसरा टाका. नऊ टाके झाले. दहावा राहिला.

तेवढ्यात दोरा उडाला. फुर्र!

दुसरा दोरा घे म्हणाल. कुठून घेणार? सावरीचा कापूस कधीच उडून संपला होता. आणि सुईताईच्या पोटात होतं अंडं. आज नाही तर उद्या यायचं. टाका राहिला तर घरट्याला भोक. भोक राहिलं तर अंडं खाली. फट्.

सुईताई नवऱ्याला, शिंपीरावांना म्हणाली, "पान धरून ठेवा. आत्ता आले."

शिंपीरावांनी चोचीत पान धरलं. सुईताई निघाली. भुर्र भुर्र.

माळावर होती बाभूळ. पानं एवढीशी, काटेच काटे. काट्यात अडकला होता दोरा. सुईताईने ओढला. सुटेना. आणखी ओढला. गुंता झाला.

"बाभळीबाई, बाभळीबाई, ऐका तरी.
माझा टाका पुरा होईना.
दोरा सोडा ना."

"मी नाही जा," बाभूळ म्हणाली. "उंट फांदी ओढेल, तरच दोरा सुटेल."

सुईताई गेली वाळवंटात. भुर्र भुर्र. वाळूच वाळू. पाय भाजतात, चट चट. शिवायला एक पान नाही. कसं राहतात इथे, कोण जाणे. उंट बसला होता रवंथ करत. कचर कचर.

"उंटदादा, उंटदादा, ऐका तरी.
बाभूळ दोरा सोडेना.
माझा टाका पुरा होईना.
फांदी ओढा ना."

"मी नाही जा," उंट म्हणाला. "हत्ती झरा उकरेल, मी पाणी पिईन, तरच उठेन."

उंटाला म्हणे तहान! दहा-दहा दिवस पाण्याशिवाय राहतो तो. पण सांगणार कोण?

सुईताई गेली गवताच्या रानात. भुर्र भुर्र. गवतच गवत. जिराफाच्या गुडघ्यापर्यंत गवत. मधेच एखादं झाड, छत्री उघडल्यासारखं. हत्ती उभा होता कान हलवत. फटक फटक.

"हत्तीकाका, हत्तीकाका, ऐका तरी.
उंट फांदी ओढेना.
बाभूळ दोरा सोडेना.
माझा टाका पुरा होईना.
झरा उकरा ना."

"मी नाही जा," हत्ती म्हणाला. गवत खाऊन खाऊन त्याला कंटाळा आला होता. "माकड गोड फळ टाकेल, तरच हलेन."

सुईताई गेली दाट जंगलात. भुर्र भुर्र. झाडावर झाड, वेलीवर वेल. वर बघावं तर आभाळ नाही. पान केवढं? चादरीएवढं. सुईताईला घामच फुटला. याला टाके घालायचे म्हणजे म्हातारपण येईल. आणि पाऊस! रोजचाच पाऊस. टप टप टप टप. माकड बसलं होतं अंग चोरून.

"माकडभाऊ, माकडभाऊ, ऐका तरी.
हत्ती झरा उकरेना.
उंट फांदी ओढेना.
बाभूळ दोरा सोडेना.
माझा टाका पुरा होईना.
फळ टाका ना."

"मी नाही जा," माकड म्हणालं. "हात निसटतो. वारा ढग हाकेल, तरच फांदीवर चढेन."

आता वारा! वारा कुठे राहतो? लांब. खूप लांब. उत्तरेला.

भुर्र भुर्र. भुर्र भुर्र. थंडी वाजायला लागली. कुड कुड कुड. आणि बघते तर काय, झाडांना पानांच्या जागी सुया. हिरव्या हिरव्या सुया. हजार सुया, लाख सुया. दोरा मात्र एक नाही. सुईताईने कपाळावर पंख मारला.

झाडांवर बर्फ. बर्फाखाली वारा. दबून बसला होता. सूं सूं.

"वारेबुवा, वारेबुवा, ऐका तरी.
माकड फळ टाकेना.
हत्ती झरा उकरेना.
उंट फांदी ओढेना.
बाभूळ दोरा सोडेना.
माझा टाका पुरा होईना.
ढग हाका ना."

"मी नाही जा," वारा म्हणाला. "अस्वल झाड हलवेल, बर्फ पडेल, तरच सुटेन."

झाडाच्या बुंध्यात ढोली. ढोलीत अस्वल. केसाळ, तपकिरी, गरम गरम. घुर्र घुर्र. घुर्र घुर्र. सुईताई आत शिरली. कानाशी गेली. आणि पुन्हा सगळं सांगायला लागली. हो, पुन्हा सगळं. तिलाही कंटाळा आला होता. मलाही आला आहे.

"अस्वलआजोबा, अस्वलआजोबा, ऐका तरी.
वारा ढग हाकेना.
माकड फळ टाकेना.
हत्ती झरा उकरेना.
उंट फांदी ओढेना.
बाभूळ दोरा सोडेना.
माझा टाका पुरा होईना.
झाड हलवा ना."

अस्वलाने एक डोळा उघडला. "थंडी संपली की बघू," म्हणालं. डोळा मिटला. घुर्र घुर्र.

थंडी संपेपर्यंत? आणि अंडं?

सुईताईला रडू आलं. मग रडू आलं म्हणून राग आला. सगळे एवढे मोठे मोठे. आणि सगळ्यांचं आपलं तरच, तरच, तरच. तिने शेपूट वर केली. चोच पुढे केली. अस्वलाच्या पाठीवर बसली. आणि टुच! एक केस उपटला. रागाने चोच मिटली, ती मिटलीच.

अस्वल उठलं. पाठ खाजली. झाडाला घासली. खसा खसा, खसा खसा.

अस्वलाने झाड हलवलं. धप्प!
वाऱ्याने ढग हाकले. सूंऽऽऽ!
माकडाने फळ टाकलं. टपकन!
हत्तीने झरा उकरला. खळ खळ!
उंट पाणी प्यायला. गट गट!

आणि उंट उठला. एकदाचा उठला. डुलत डुलत माळावर आला. त्याने फांदी ओढली. कडाड! बाभळीने दोरा सोडला.

सुटला दोरा. पांढरा, मऊ. हवेत तरंगला. सुईताई झेपावली.

उंटाने तोंड उघडलं. गट्टम.

दोरा उंटाच्या पोटात.

"काही होतं का त्यात?" उंटाने विचारलं. आणि रवंथ करायला लागला. कचर कचर.

सुईताई बघतच राहिली. उत्तरेपासून माळापर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. आता मात्र उंटाला चांगलं सुनावायचं होतं. बाभळीलाही, हत्तीलाही, सगळ्यांनाच. तिने चोच उघडली.

चोचीतून काहीतरी पडलं.

केस. अस्वलाचा केस. लांब. जाड. ओढून पाहिला. तुटेना. सुईताईने उंटाकडे पाहिलं. केसाकडे पाहिलं. केस उचलला आणि निघाली. भुर्र भुर्र भुर्र भुर्र!

घरी शिंपीराव तसेच होते. चोचीत पान. डोळे लाल. पायांना मुंग्या.

सुईताईने भोक पाडलं. केस ओवला. टुच टुच. दहावा टाका. नऊ पांढरे, एक तपकिरी.

शिंपीरावांनी हळूच पान सोडलं. पान हललं नाही. मग त्यांनी चोच उघडली, मिटली. पुन्हा उघडली.

"आत्ता आले म्हणाली होतीस," ते म्हणाले.

सुईताई घरट्यात शिरली. टुणकन बसली.

थोड्या वेळाने आलं अंडं. गोल, छोटं, ठिपक्यांचं. इकडे घरंगळलं. तिकडे घरंगळलं. दहाव्या टाक्याशी गेलं आणि थांबलं.

पडलं नाही.

गोष्ट शिवून झाली, वर गाठ मारली. आता पाणी हवं, शी आली, एक आणखी सांग, काही चालायचं नाही. डोळे मिटा.