बोटभर लांब दोरी

एका पठारावर निंबखडी नावाचं गाव होतं. त्या गावाला पाणी कमी आणि वारा भरपूर. पिकं निघाली, खळी उठली, की गावाबाहेरचं माळरान मोकळं व्हायचं आणि रोज संध्याकाळी निम्मं गाव पतंग घेऊन तिकडे लोटायचं.

पण हे पतंग तुमच्या-आमच्या ओळखीचे नव्हेत. निंबखडीत कुणी कुणाचा पतंग कापत नसे. काचेचा मांजा गावात आणायचा नाही, असा दंडकच होता. इथल्या पतंगाला एक नाही, दोन दोऱ्या असायच्या. एक उजव्या हातात, एक डाव्या. उजवी ओढली की पतंग उजवीकडे वळायचा, डावी ओढली की डावीकडे. हात जाणते असतील तर तोच पतंग आभाळात गिरक्या घ्यायचा, घारीसारखा खाली झेपावायचा आणि माणसाच्या डोक्यावरून वळून पुन्हा वर जायचा. शेजारच्या गावांतले लोक याला रिकामपणाचा उद्योग म्हणत. म्हणोत बापडे. दिवसभर राबलेल्या माणसाला संध्याकाळी घटकाभर आभाळ हातात धरायला मिळालं, तर त्यात कुणाचं काय जातं?

त्या गावात हरबा शिंपी सगळ्यात चांगला पतंग उडवायचा. त्याला हे शिकवलं गोजराबाई बुरडिणीने. गावातल्या प्रत्येक पतंगाच्या काठ्या तिच्या हातच्या असत. बांबू चिरून, तासून, ती अशी काठी काढायची की वाकेल पण मोडणार नाही. कापड शिवायचा हरबा. सुताला मेण लावून पीळ घालायचं काम ज्याचं त्याने करायचं. कुणाची काठी मोडली तर शेजारचा आपली काढून द्यायचा. वारा पडला की सगळे बांधावर बसून भाजलेले शेंगदाणे खायचे आणि एकमेकांच्या फजित्या सांगून हसायचे. गोजराबाईची जीभ तिच्या कोयत्याइतकीच धारदार होती, पण कुणाला तिचा राग यायचा नाही. ती बोलायची ते खरं असायचं, आणि माणसाच्या भल्याचं असायचं.

माळावर एक जुना नियम होता. पतंग उडवण्याआधी दोन्ही दोऱ्यांची टोकं खुंटीला अडकवायची, दुसरी टोकं ताणून धरायची आणि दोन्ही सारख्या लांबीच्या आहेत का ते बघायचं. आणि हे बघायचं दुसऱ्याने. आपल्या दोऱ्या आपण मापायच्या नाहीत. हा नियम कुणी घातला, का घातला, ते कुणालाच आठवत नव्हतं.

हरबा डावखुरा होता. त्याच्या डाव्या हाताला ओढ जास्त, म्हणून डावी दोरी हळूहळू ताणून लांब व्हायची. गोजराबाई ती मापायची आणि म्हणायची, "डावी सुटली रं हरबा. गाठ सोड, आखूड कर." हरबा निमूट गाठ सोडायचा. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं.

मग हरबाचं नाव झालं. गावात सात पतंगांची एक रांग होती. सात जण एका ओळीत उभे राहायचे आणि सातही पतंग एकदम वळायचे, एकदम झेपावायचे. पुढच्या माणसाला म्होरक्या म्हणत. बाकीच्या सहांनी स्वतःच्या पतंगाकडे बघायचंच नाही. नजर म्होरक्याच्या पतंगावर, तो जाईल तिकडे आपला न्यायचा. गावाने हरबाला म्होरक्या केलं. लांबलांबच्या गावांहून माणसं बघायला येऊ लागली. लोक हरबाच्या खांद्यावर हात ठेवून बोलू लागले. कौतुक चांगलंच असतं, पण ते रोज पोटभर मिळायला लागलं की पचत नाही. हरबाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला गाव पुरेसं होतं, आता त्यात परगावची भर पडली.

एका संध्याकाळी असेच पाहुणे जमले होते. हरबा पतंग घेऊन उभा होता. गोजराबाईने नेहमीसारख्या दोऱ्या ताणल्या आणि नेहमीसारखीच मोठ्याने म्हणाली, "डावी बोटभर लांब हाय. गाठ सोड."

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. हरबाचे कान तापले.

"दोरी न्हाई लांबली, आक्का," तो म्हणाला. "तुझी नजर आखूड झाली. म्हातारी झालीस आता. टोपल्या वीण जा."

सगळे हसले. गोजराबाई हसली नाही, चिडलीही नाही. तिने हातातली टोकं दगडावर नीट ठेवली, पदर खोचला आणि गावाकडे चालू लागली. त्या दिवसापासून ती माळावर आली नाही. कुणाची काठी मोडली की नवी काठी मात्र तिच्या घरून यायची. हरबाचीसुद्धा.

हरबाला पहिले दोन-चार दिवस चुटपुट लागली. जाऊन दोन शब्द बोलावे, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण सुंभ जळतो आणि पीळ राहतो. तो गेला नाही.

आता त्याच्या दोऱ्या मापायला रावजी तेली पुढे आला. रावजी रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहायचा, आणि म्होरक्याच्या शेजारची जागा मिळावी असं त्याला फार दिवसांपासून वाटत होतं. त्याने दोऱ्या ताणल्या. बोटभर फरक त्याला स्पष्ट दिसला. त्याने मान वर केली, हरबाचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "तंतोतंत सारख्या हायेत."

पुढच्याच आठवड्यात रावजीला शेजारची जागा मिळाली. तेव्हापासून रोज तो दोऱ्या मापायचा आणि रोज त्या तंतोतंत सारख्या असायच्या. नियम कुणीच मोडला नव्हता. दोऱ्या दुसराच माणूस मापत होता ना!

आता तुम्ही विचाराल, हरबासारख्या जाणत्याला स्वतःला कळलं कसं नाही? नाहीच कळलं. दोरी एका दिवसात लांबत नाही. ती रोज केसभर लांबायची आणि हरबाचा डावा हात रोज केसभर मागे सरकायचा. पतंग सरळच उडायचा. वाकडा झाला होता तो हरबा. डावी कोपर छातीशी आणि उजवा हात पुढे, असा तो उभा राहायचा, आणि त्याला वाटायचं की आपण ताठ उभे आहोत. कधी पतंग उजवीकडे ओढला गेलाच तर तो म्हणायचा, "आज वारा वाकडा हाय." रावजी म्हणायचा, "वाकडाच हाय."

चैत्रात ग्रामदेवीची जत्रा भरली. माळावर मुंगीला वाट नाही अशी गर्दी झाली. रांगेच्या दोन्ही अंगांना माणसं बसली होती. वारा सकाळपासून जोरात आणि सरळ वाहत होता.

त्या दिवशी गोजराबाई माळावर आली. पतंग चढवून वारा अजमावत असलेल्या हरबाने तिला लांबूनच पाहिलं. ती त्याच्याकडे आली नाही. तिने घटकाभर उभं राहून त्याची कोपर पाहिली, आणि मग थेट उजव्या अंगाच्या गर्दीत शिरली. तिथे ती एकेकाला उठवू लागली. "उठा बायांनो, मागं सरका. पोरं घ्या उचलून. त्या बाभळीपल्याड बसा." लोक कुरकुरले. "काय गं म्हातारे, इथनं चांगलं दिसतंय की!" पण तिच्या जिभेपुढे कोण टिकणार? शिव्या देत का होईना, माणसं उठली आणि मागे सरकली.

इकडे सात पतंग आभाळात चढले. त्यांनी गिरक्या घेतल्या, एकमेकांना ओलांडलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी आली ती मोठी झेप, वर्षातून एकदा फक्त जत्रेत घ्यायची. सगळ्या पतंगांनी उंचावरून सरळ खाली यायचं आणि जमिनीजवळ एकदम वळायचं. त्या झेपेत दोन्ही हात पुढे ताठ धरावे लागतात. कोपर छातीशी ठेवून ती घेता येत नाही. हरबा ओरडला, "आता!" आणि त्याने दोन्ही हात सारखे पुढे केले.

हात सारखे झाले, आणि दोऱ्या सारख्या नव्हत्या.

हरबाचा पतंग सरळ आलाच नाही. जोराच्या वाऱ्यात तो तिरपा होऊन उजवीकडच्या गर्दीवर सुटला. हरबाने जीव खाऊन डावा हात मागे ओढला, पण वेळ गेली होती. आणि बाकीच्या सहांची नजर होती म्होरक्याच्या पतंगावर. तो जाईल तिकडे न्यायचा, एवढंच त्यांना शिकवलं होतं. सहाही पतंग त्याच्यामागे उजवीकडे वळले.

सहा पतंग मोकळ्या जमिनीवर आपटले. काठ्या मोडल्या, कापडं फाटली. थोड्या वेळापूर्वी तिथे बायका आणि लेकरं बसली होती. आता तिथे एकच माणूस उरला होता, एक पांगळा म्हातारा. त्याला उठता येत नव्हतं, आणि गोजराबाई त्याला काखेत धरून उठवत होती. सातवा पतंग, हरबाचा, तिथे आला. गोजराबाईने म्हाताऱ्याच्या तोंडापुढे आपला हात धरला. तिनेच तासून दिलेली काठी तिच्याच तळहातात घुसली.

वैद्याने काठी काढली, जखम बांधली. हात वाचला, पण दोन बोटं कायमची ताठ झाली. बांबू चिरणारा हात होता तो.

तिसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. असले पतंग बंदच करावेत, असं काही जण म्हणत होते. पाटलांनी विचारलं, "झालं कसं?"

रावजी पुढे झाला. "पाटील, वारा फिरला. ऐनवेळी वारा फिरला, त्याला कोण काय करणार?" आजूबाजूच्या माना हलल्या. हरबा सगळ्यांचा लाडका होता. वाऱ्यावर खापर फोडलं की कुणाचंच नुकसान नव्हतं. वारा काही चावडीवर येऊन नाही म्हणणार नव्हता.

पाटील म्हणाले, "काय रे हरबा? वारा फिरला?"

हरबाने एकदा 'हो' म्हटलं असतं, तर ते तिथेच मिटलं असतं. त्याचं नाव राहिलं असतं, रांगेतली जागाही राहिली असती. तो म्हणाला, "न्हाई पाटील. वारा सरळ व्हता."

तो घरी गेला, कोपऱ्यात टाकलेल्या दोऱ्या आणि खुंटी घेतली आणि गोजराबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. सगळं गाव त्याच्यामागे आलं होतं. गोजराबाई ओट्यावर बसली होती. बांधलेला हात मांडीवर होता, आणि बाजूला न चिरलेला बांबू पडला होता. तो बांबू बघून हरबाला रडू फुटलं. त्याने ते लपवलं नाही.

"आक्का, माझ्या दोऱ्या माप," तो म्हणाला.

"मी कशी मापू? माझ्या हातात ताणायचा जोर न्हाई राहिला."

"ताणतो मी. बघ तू."

त्याने अंगणात खुंटी रोवली, टोकं अडकवली आणि दोन्ही दोऱ्या ताणून तिच्यापुढे धरल्या. गोजराबाई वाकली. पाहायला तिला फार वेळ लागला नाही.

"डावी लांब हाय," ती म्हणाली.

"किती?"

"तवा बोटभर व्हती. आता दोन बोटं हाय."

मागून रावजीचा आवाज आला. "मला दिसत व्हतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासनं दिसत व्हतं."

गोजराबाईने त्याच्याकडे पाहिलं. "दिसलेलं गिळू नये, रावजी," ती एवढंच म्हणाली.

मग ती हरबाकडे वळली आणि नेहमीसारखीच मोठ्याने म्हणाली, "बघत काय बसलास? गाठ सोड."

हरबाने सगळ्यांसमोर गाठ सोडली. गोजराबाई मान डोलवीपर्यंत त्याने ती तीनदा सोडली आणि तीनदा बांधली.

पतंग बंद झाले नाहीत. हरबाने म्होरकेपण आपणहून सोडलं आणि रांगेत शेवटी उभा राहिला. सकाळी तो गोजराबाईच्या अंगणात बसून ती सांगेल तसा बांबू चिरायचा. त्याच्या काठ्या तिच्यासारख्या कधीच झाल्या नाहीत, आणि ते ती त्याला रोज ऐकवायची. संध्याकाळी दोघं माळावर जायची. तो दोऱ्या ताणायचा, ती बघायची. ती बोलली की तो गाठ सोडायचा.

तात्पर्य: आपली चूक रोज थोडी वाढते आणि आपला हात तिला सरावत जातो, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. ती तोंडावर सांगणारं माणूस जपावं. त्याला दुखवून दूर केलं, तर त्या चुकीचा घाव बहुधा दुसऱ्यालाच सोसावा लागतो.