दुसऱ्याच्या पायाची जीत

“मग ही जीत माझी म्हणायची, मास्तर, की त्या पोरीच्या मुरगळलेल्या पायाची?”

शांतवन मास्तरांनी मान वर केली नाही. ते कोर्टावर फक्की मारत होते. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा हलवत, वाकून, एकेक पाऊल मागे सरकत. पांढरी रेघ मातीवर उमटत चालली होती.

“मी काय विचारतेय?”

“ऐकलं.”

“मग?”

“रेघ पुरी होऊ दे.”

नगरच्या मिशन कंपाउंडातलं हे मातीचं कोर्ट. प्रणोती ठुबे सात वर्षांची असताना रॅकेट धरायला इथंच शिकली. तेव्हाही मास्तर तिला म्हातारेच वाटायचे. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते, ती अठ्ठावीस.

पोर लहानपणापासून मानी. दहा वर्षांची असताना पंचांनी चुकून एक पॉइंट तिला दिला, तर पुढच्या दोन्ही सर्व्हिस तिनं मुद्दाम नेटमध्ये घातल्या होत्या. सगळे हसले होते. मास्तरांना कळलं, तेव्हा ते हसले नव्हते.

आदल्या दिवशी, रविवारी, पुण्यात मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची शेवटची पात्रता फेरी होती. ती जिंकली की मुख्य फेरी. दहा वर्षं प्रणोती देशोदेशी खेळत होती, पण एवढ्या मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत तिचं नाव एकदाही लागलं नव्हतं. दर वेळी उंबऱ्यापर्यंत जायची आणि काहीतरी व्हायचं.

समोर निनो नावाची अठरा वर्षांची मुलगी होती, जॉर्जियाहून एकटीच आलेली. पहिला सेट निनोनं घेतला, दुसरा प्रणोतीनं. तिसऱ्यात दोन-दोन. प्रणोतीनं बॉल अलगद नेटजवळ टाकला. निनो धावत आली, तिनं तो उचलला. प्रणोतीनं मग तो तिच्या डोक्यावरून मागे पाठवला. निनो गर्रकन वळली आणि तिचा पाय तिच्याच अंगाखाली दुमडला.

ती पुन्हा उभी राहू शकली नाही.

पंचांनी प्रणोतीचं नाव जाहीर केलं. टाळ्या पडल्या. त्या तिला कानफटात मारल्यासारख्या लागल्या.

सोमवारी सकाळी तिनं नगरची बस धरली. मंगळवारी तिची मुख्य फेरीतली पहिली मॅच होती. स्पर्धेतून नाव काढून घेणार, एवढंच तिला मास्तरांना सांगायचं होतं.

रेघ पुरी झाली. मास्तर बाकावर येऊन टेकले. पंच्यानं हात पुसले.

“नाव काढून घेतलंस, तर तिचा पाय बरा होईल?”

“तसं नाही हो मास्तर.”

“मग कसं?”

“कुणाच्या पडण्यावर मी आत जाणार नाही. मला दान नको.”

मास्तरांनी हात पुढे केला.

“मनगट दाखव. उजवं.”

तिनं दाखवलं. मनगटावर आडवा, फिकट व्रण होता. मास्तरांनी त्यावरून अंगठा फिरवला.

“हे कधीचं?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“तू सांग.”

“एकोणिसाव्या वर्षी. ढाक्याला. ओल्या कोर्टावर घसरले.”

“मॅच कुणी नेली?”

“समोरचीनं.”

“तिनं परत केली का?”

प्रणोतीनं मनगट मागे घेतलं.

“आणि गुडघा?”

“चोविसाव्या वर्षी.” तिचा आवाज उतरला. “त्याच्या आधी टायफॉइड. ताश्कंदला. सहा दिवस त्या खोलीत पडून होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्रमवारी पार तळाला गेली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.”

“किती वेळा?”

“काय किती वेळा?”

“पहिल्यापासून.”

तिनं मनाशी मोजलं. “तीनदा.”

“त्या तीन वेळा कुणी आलं होतं का तुझ्याकडं? की बाई, ही मॅच तुझी होती, घे?”

“नाही.”

“तू मागितलीस?”

“मी?” तिची मान ताठ झाली. “मी कशाला मागू?”

मास्तर पहिल्यांदा हसले. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे ते हसू लहान मुलासारखं दिसलं.

“मागायची लाज वाटली. मग द्यायचा एवढा तोरा कशाला?”

प्रणोती उठून उभी राहिली. चार पावलं चालून कुंपणापाशी गेली. तिला राग आला होता. एवढ्या लांबून यायचं, मनातलं सांगायचं, आणि मास्तरांनी त्याला तोरा म्हणायचं!

“हा तोरा नाही, मास्तर.”

“बरं. मग काय आहे?”

पलीकडे शाळेची मधली सुट्टी झाली. पोरांचा गलका उठला, विरला, घंटा झाली. मास्तर बसून राहिले. त्यांना घाई नव्हती.

“भीती आहे,” ती शेवटी म्हणाली.

“कसली?”

“दहा वर्षं वाईट झालं की काय करायचं, ते मला कळायचं. रडून घ्यायचं. पट्टी बांधायची. सहा महिन्यांनी पुन्हा सर्व्हिस मारायची. हाताला, पायाला, सगळ्याला ठाऊक होतं ते.” तिनं जाळीत बोटं अडकवली. “चांगलं झालं तर काय करायचं? ते मला कुणी शिकवलंच नाही. तुम्हीसुद्धा.”

मास्तरांनी पंचा झटकून खांद्यावर टाकला. गुडघ्यावर हात रेटून ते उठले, कोपऱ्यातली जुन्या बॉलची बादली उचलली आणि नेटपाशी जाऊन उभे राहिले.

“तेच,” ते म्हणाले.

“तेच म्हणजे?”

“तिकडं मागं जा. काल बॅकहँड नेटमध्ये जात होते ना?”

ती थबकली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“घाबरलीस की कोपर अंगाला चिकटवतेस. सात वर्षांची असल्यापासून.”

त्यानंतर दीड तास दोघं टेनिसशिवाय दुसरं काही बोलले नाहीत. म्हातारा नेटपाशी उभा राहून एकेक बॉल टाकत होता आणि ती मारत होती. “कोपर.” ... “कोपर, म्हटलं.” ... “हां.” बादली रिकामी झाली की दोघं मिळून बॉल वेचायचे. नवी रेघ तिच्या बुटांनी पार विस्कटली. मास्तर एका शब्दानं बोलले नाहीत.

निघताना त्यांनी विचारलं, “त्या पोरीला भेटलीस नंतर?”

“तिच्या पायावर बर्फ धरून बसले होते. तिच्या आईचा फोन येईपर्यंत.”

“काही म्हणाली?”

“मोडक्या इंग्रजीत म्हणाली, मंगळवारी वाईट खेळलीस तर मला तुझा राग येईल.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस?”

प्रणोतीनं खाली बघितलं.

“जा,” मास्तर म्हणाले. “बस चुकेल.”

तिनं नाव काढलं नाही.

मंगळवारी ती कोर्टावर उतरली, तेव्हा पहिल्या रांगेत निनो होती. प्लास्टर घातलेला पाय समोरच्या खुर्चीवर ठेवलेला. आणि अगदी मागच्या रांगेत, पांढरी टोपी मांडीवर घेऊन, शांतवन मास्तर. एकवीस वर्षांत ते तिची एकही मॅच बघायला आले नव्हते. शिकवणाऱ्यानं बघत बसू नये, पोरं वळून वळून बघतात, असं म्हणायचे.

तिनं एकदा बघितलं. मग वळून बघितलं नाही.

समोर चौथ्या मानांकनाची खेळाडू होती. उंच, आणि सर्व्हिस अशी की बॉल दिसण्याआधी आवाज यायचा. अर्ध्या तासात तिनं पहिला सेट सहा-दोन असा गुंडाळला. लोक चहाला उठू लागले.

दुसऱ्या सेटमध्ये कुणी उठलं नाही. प्रणोती एकेका बॉलला अशी भिडत होती, जणू तो शेवटचा. कोपर अंगापासून सुटलं होतं. तिरका बॅकहँड एकदा बसला, पुन्हा बसला, मग बसतच राहिला. दुसरा सेट तिनं सात-पाच असा काढून घेतला. पुण्याची माणसं, सहजासहजी कुणाला वा म्हणणारी नव्हेत. पण आता ती ‘प्रणोती, प्रणोती’ म्हणून ओरडत होती.

तिसरा सेट टायब्रेकपर्यंत गेला. टायब्रेकमध्येही सहा-सहा. मग सात-सहा, समोरचीला मॅच पॉइंट.

त्या शेवटच्या पॉइंटला बॉल तिसाहून जास्त वेळा नेटवरून गेला. प्रणोतीनं समोरचीला या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पळवलं. शेवटी बॅकहँड असा तिरका मारला, की समोरची पोहोचूच शकणार नव्हती. तिनं नुसतीच रॅकेट पुढं केली. बॉल रॅकेटच्या कडेला लागला, वेडावाकडा उडाला, हवेत गिरक्या घेत आला आणि प्रणोतीच्या बाजूच्या रेघेवर टपकन पडला.

मॅच संपली.

सगळं स्टेडियम ‘अरेरे’ म्हणालं. निनोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्रणोती त्या बॉलकडे बघत उभी राहिली. तिला वाटलं, आता ते येईल. छातीत नेहमीचा दगड बसेल.

दगड आला नाही. तिला हसू आलं. खळखळून, मोकळं. हसतच ती नेटपाशी गेली. समोरची मुलगी ओशाळून माफी मागत होती, तिला प्रणोतीनं मिठी मारली. सगळे उठून उभे राहिले. निनोसुद्धा, एका पायावर, खुर्ची धरून.

तीन तास पाच मिनिटं. आपण एवढं खेळू शकतो, हे तिनं आज स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं.

खेळाडूंच्या दारापाशी मास्तर उभे होते.

“बघितलंत?” तिनं विचारलं. पाच रॅकेटची जड बॅग तिनं जमिनीवर ठेवली.

“बघितलं.”

“कडेला लागून...”

“बघितलं म्हटलं ना.”

घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते. मास्तरांनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली.

“पुढं काय?”

“बेंगळुरूला रविवारपासून पात्रता फेरी आहे. उद्या निघते.”

मास्तरांनी मान हलवली. मग ते वाकले आणि त्यांनी तिची बॅग उचलून खांद्याला लावली.

प्रणोती चमकलीच. मिशन कंपाउंडात ज्याची बॅग त्यानंच उचलायची, हा मास्तरांचा शिरस्ता होता. सात वर्षांच्या पोरीलाही सूट नव्हती. कलेक्टरच्या मुलालाही नव्हती.

“अहो मास्तर, काय करताय! द्या इकडं.”

ते ऐकेनात. बॅगेच्या वजनानं त्यांचा खांदा एका बाजूला कलला होता. दारापाशी गर्दी थांबली होती. कुणीतरी फोटो काढत होतं.

“मास्तर... लोक बघतायत.”

“म्हणून तर घेतली,” शांतवन मास्तर म्हणाले. “तू पुढं चाल.”