रंगारणीच्या घरचा कायदा

कापड घरच्या मागावर विणलं जायचं आणि रंग झाडांच्या साली-मुळांतून काढले जायचे, त्या काळची ही गोष्ट. नदीच्या वळणावरच्या एका गावात एक रंगारी आणि त्याची रंगारीण राहत होती. रंगारी रंगवलेली लुगडी आणि पागोटी बैलावर लादून बाजारोबाजार हिंडायचा. मागे घर, रंगाचे रांजण आणि पाच पोरं सांभाळायची ती रंगारीण.

पाचांतली थोरली पारू. तिच्या पाठचे जुळे नामा आणि तुका, मग ठकी आणि सगळ्यांत धाकटा दगडू. पारू शहाणी होती, निदान तिला तसं वाटायचं. नामा आणि तुका इतके सारखे दिसायचे की एकाला दोनदा न्हाऊ घातलं आणि दुसरा पारोसाच राहिला, असं कितीदा तरी व्हायचं. ठकी पाच वर्षांची. तिला प्रत्येक गोष्ट करून बघायची असायची. दगडूला नुकते पाय फुटले होते. हातात येईल ते तो तोंडात घालायचा आणि तोंडात मावणार नाही ते रांजणात टाकायचा. रंग ढवळताना रंगारणीच्या काठीला कधी लाटणं लागायचं, कधी वहाण लागायची. एकदा तर तिचं स्वतःचंच जोडवं निळं होऊन वर आलं.

जेवायला बसलं की मोठी भाकरी कुणाची, यावरून रोज रण माजायचं. एक दिवस रंगारीण म्हणाली, “मोठी भाकरी खाईल त्यानं नदीवरून पाणी आणायचं.” झालं! त्या दिवसापासून पोरं सगळ्यांत लहान भाकरीसाठी भांडू लागली.

रंगारणीची खरी अडचण वेगळीच होती. दुसऱ्या घरात पोरानं काही उद्योग केला तर त्याचे हात सांगायचे. गूळ खाल्ला तर बोटं चिकट, चुलीशी खेळलं तर तळवे काळे. इथे पाचही पोरांचे हात बारा महिने रंगलेले. हातावरून चोर ओळखायची सोय नाही आणि विचारलं तर पाचही जण एकमेकांकडे बोट दाखवायचे.

म्हणून रंगारणीनं घरात एक कायदा केला.

“जो खरं सांगेल त्याला मार नाही,” ती म्हणाली. “पण ज्यानं सांडलं, त्यानंच पुसायचं.”

पोरांना आधी ते खरं वाटेना. मग एके सकाळी गावातला गुरव ओरडत दारात आला. त्याच्या पांढऱ्या शुभ्र शेळीला कुणीतरी हळदीच्या रंगात बुचकळलं होतं. पिवळीजर्द शेळी त्याच्या मागे उभी राहून बें बें करत होती.

“कुणी केलं?” रंगारणीनं विचारलं.

नामा तुकाकडे बघू लागला, तुका नामाकडे. शेवटी नामा म्हणाला, “तुकानं पाय धरले.” तुका म्हणाला, “नाम्यानं शिंगं धरली.”

“आणि रंग?”

“तो शेळीनंच लावून घेतला,” दोघं एकदम म्हणाले.

रंगारणीनं पदर तोंडाला लावला, कारण तिला हसू आवरेना. तिनं कुणावर हात उगारला नाही. पण शेळी पुन्हा पांढरी होईपर्यंत रोज तिला नदीवर नेऊन धुवायचं, चारायचं आणि संध्याकाळी गुरवाच्या दावणीला बांधायचं काम दोघांच्या गळ्यात पडलं. शेळीचा रंग लवकर जाईना. शेवटी शेवटी तर शेळी त्यांना लांबून बघूनच पळू लागली.

गावचे पाटील कडक माणूस. त्यांना तीन मुलगे होते. पाटील दारात दिसले की तिघं एका रांगेत उभे राहायचे. पाटलांच्या वाड्यात भांडण नाही, आरडाओरडा नाही, सांडलवंड नाही. गावातले लोक म्हणायचे, “पोरं असावीत तर पाटलांच्यासारखी. नाहीतर ती रंगारणीची बघा, माकडं बरी.”

एकदा सणासाठी पाटलांनी आपलं पागोटं लाल रंगवायला दिलं. ते न्यायला ते स्वतः आले, तर काठीवर निळंभोर पागोटं वाळत होतं.

रंगारणीचा चेहरा उतरला. हा रंग धुऊन जाणारा नव्हता आणि पाटलांच्याच जमिनीवर तिचं घर उभं होतं.

“मी बुडवलं,” ठकी पुढे होऊन म्हणाली. “लालापेक्षा निळं छान दिसतं.”

रंगारणीचा हात वर गेला. क्षणभर तो तसाच राहिला. पारूनं डोळे मिटून घेतले. मग रंगारणीनं तो हात खाली आणला आणि ठकीच्या खांद्यावर ठेवला.

“खरं सांगितलंस, मार नाही. पण नवं पागोटं रंगवायचंय. जा, लाल रंगासाठी मंजिष्ठेच्या मुळ्या काढ आणि कुटायला बस.”

पाटील थक्क झाले. “बाई, माझ्या घरात असं झालं असतं तर पाठीवर वळ उठले असते!”

“वळ उठले असते, पाटील. पण पागोटं लाल झालं असतं का?”

“माझी पोरं अशी चुकतच नाहीत.”

“चुकत नाहीत, की सांगत नाहीत?” रंगारणीनं शांतपणे विचारलं.

पाटलांना तो प्रश्न आवडला नाही. ते तडक निघून गेले. ठकी हात दुखेपर्यंत मुळ्या कुटत बसली.

पुढे पेरणीचे दिवस जवळ आले. पाटलांच्या वाड्यामागे धान्याचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेला, अरुंद तोंडाचा खड्डा. वर्षभर त्यात ज्वारी साठवायची. पाटलांनी बियाण्यासाठी ज्वारी काढून पेव रिकामं केलं आणि तोंडावर फळी टाकली. खाली उतरायला लावलेली शिडी मात्र तशीच राहिली. त्यांनी तिन्ही मुलांना बजावलं, “पेवाजवळ जो जाईल त्याची चामडी सोलीन.” का जायचं नाही, ते काही सांगितलं नाही.

एका दुपारी पाटील घोड्यावर बसून शेजारच्या गावी गेले आणि पाटलीणबाई देवळात गेल्या. वाडा मोकळा मिळताच मुलांनी लपंडाव मांडला. ठकीही भिंतीवरून उडी मारून खेळात शिरली. राज्य पाटलांच्या थोरल्या मुलावर आलं. पाटलांचा धाकटा मुलगा बाजी ठकीच्याच वयाचा. तो तिला म्हणाला, “मी पेवात लपतो. वरून फळी लाव. मग मी कुणाला सापडायचोच नाही.”

त्याचा मधला भाऊ म्हणाला, “आबा मारतील रे.” पण तोवर बाजी शिडीवरून खाली उतरलाही होता. ठकीनं आणि मधल्यानं मिळून फळी ओढली.

इतक्यात घोड्याच्या टापा वाजल्या. पाटील लवकर परतले होते. थोरला आणि मधला धावत घरात शिरले आणि पाढे म्हणू लागले. ठकी भिंतीवरून पळाली. बाजीला त्याचे भाऊ काढतील, असं तिला वाटलं. आबा जरा आत गेले की आपण बाजीला काढू, असं भावांना वाटलं. पण पाटील नेमके परसातच खाट टाकून बसले. उठेनातच.

ऊन उतरू लागलं तसं पाटलीणबाईंनी विचारलं, “बाजी कुठंय?”

“माहीत नाही,” थोरला म्हणाला.

“माहीत नाही,” मधला म्हणाला.

पाटलांनी वाडा पालथा घातला. मग गल्ली, मग देऊळ. कुणी म्हणालं, पोरं दुपारी नदीकडे गेली होती. सगळं गाव नदीकडे धावलं.

रंगारणीनंही हाक ऐकली. हात तसेच रंगात भिजलेले. तिनं पदर खोचला आणि ती निघणार, तेवढ्यात ठकीनं तिचं लुगडं धरलं.

ही काही शेळी नव्हती, पागोटंही नव्हतं. पाटलांच्या मिशा तिला डोळ्यांसमोर दिसत होत्या.

“आई, खरं सांगितलं तर मार नाही ना?”

“ठके, आत्ता नको गं...” रंगारीण म्हणाली. पण पोरीचा चेहरा बघून ती थांबली. ओली जमीन, तरी तिथेच खाली बसली. “नाही. सांग.”

“खूप मोठं असलं तरी?”

“कितीही मोठं असलं तरी.”

“बाजी पेवात आहे. मी फळी लावली.”

बंद पेवातली हवा विषारी होते, हे रंगारणीला ठाऊक होतं. पाटील आपल्याला गावातून हाकलून देतील, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण तिनं दोन्हींवर विचार करत वेळ घालवला नाही. “पारू, नदीवर जा. पाटलांना बोलाव, सगळं जसंच्या तसं सांग. नाम्या, तुक्या, भिजलेली धोतरं उचला. ठके, माझ्याबरोबर चल.”

ती वाड्यामागे पोचली आणि तिनं फळी फेकून दिली. कुबट वास बाहेर आला. “बाजी!” तिनं हाक मारली. खालून उत्तर आलं नाही.

तिला उडी मारावीशी वाटली, पण तसं केलं तर आपणही आत बेशुद्ध पडू, हे ती जाणून होती. तिनं आणि जुळ्यांनी ओली धोतरं पेवाच्या तोंडाशी जोरजोरानं हलवून आत वारा घालायला सुरुवात केली. ठकीही इवल्या हातांनी फडकं हलवत राहिली. तेवढ्यात पाटील धापा टाकत आले. त्यांनी कमरेला दोर बांधला, श्वास कोंडला आणि ते खाली उतरले. माणसांनी दोर ओढला तेव्हा त्यांच्या हातांत बाजी होता. मान लुळी पडलेली, ओठ काळसर झालेले.

त्याला उघड्यावर वाऱ्यात निजवलं. तोंडावर पाणी मारलं, तळपाय चोळले. पाटलीणबाई नुसत्या “देवा, देवा” म्हणत होत्या. बऱ्याच वेळानं बाजीची छाती हलली. तो खोकला, रडला आणि डोळे उघडून म्हणाला, “मला कुणी शोधलंच नाही. मी जिंकलो ना?”

गर्दीतल्या बायका रडता रडता हसल्या.

पाटील उठले. त्यांनी भिंतीला लावलेली काठी उचलली. ठकी आईमागे लपली, तशी रंगारीण पुढे झाली.

“पाटील, पोरगी माझी आहे. तिनं फळी लावली आणि तिनंच येऊन सांगितलं. सांगणाऱ्याला मार नाही, असा शब्द मी तिला दिलाय. तो मोडायचा असेल तर आधी माझ्याशी बोला.”

“तिला कोण मारतंय?” पाटील म्हणाले आणि आपल्या मुलांकडे वळले. “तुम्हाला माहीत होतं?”

मुलं एकमेकांच्या मागे सरकली.

“माहीत होतं का?”

थोरल्यानं मान डोलावली.

“मग सांगितलं का नाहीत? मी इथेच बसलो होतो! हाकेच्या अंतरावर!”

“तुमची भीती वाटली, आबा.”

“अरे, भाऊ आत होता तुझा! त्याच्या जिवाची भीती नाही वाटली?”

“वाटली,” थोरला हुंदके देत म्हणाला. “तुमची त्याहून जास्त वाटली.”

पाटलांच्या हातातली काठी गळून पडली. ते मटकन खाटेवर बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं. मग त्यांनी दोन्ही मुलांना जवळ ओढलं. मुलांना आधी वाटलं, आता मार बसणार, म्हणून ती अंग चोरून उभी राहिली. आपला बाप रडतोय, हे त्यांना जरा उशिरानं कळलं.

थोड्या वेळानं पाटील रंगारणीला म्हणाले, “बाई, तुमच्या घरचा तो कायदा मला शिकवाल?”

“शिकवण्यासारखं त्यात काही नाही,” रंगारीण म्हणाली. “पोरं काय, दोन दिवसांत शिकतात. आपल्यालाच वेळ लागतो.”

आणि खरंच वेळ लागला. आठवड्याभरात मधला पाटलांसमोर येऊन उभा राहिला आणि चाचरत म्हणाला, “आबा, तुमच्या नव्या जोड्यात मी बेडूक ठेवला होता. तो आता सापडत नाही.”

पाटलांचा चेहरा लालबुंद झाला. ते उठले, परसात गेले, आंब्याच्या झाडाभोवती तीन फेऱ्या मारून परत आले.

“बरं केलंस, सांगितलंस,” ते दात आवळून म्हणाले. “चल, आता शोध.”

मग बाप आणि तीन मुलं रांगत रांगत माजघरभर बेडूक शोधू लागली. बाजी खदखदा हसत होता. त्या वाड्यातून एवढा गलका गावानं कधी ऐकला नव्हता.

तात्पर्य काय, तर पोरं चुकणारच. चूक घेऊन ती आपल्याकडे धावत येतील, की आपल्यापासून लपतील, हे आपण आधीच्या लहान चुकांच्या वेळी कसं वागलो त्यावर ठरतं.