दीनाच्या छत्तीस तारा

दीनाचं कुणालाच खरं वाटलं नाही. एकालाही नाही! नऊ वर्षांची पोर घसा फोडून सांगत होती, "मी नाही तोडल्या तारा, खरंच नाही," आणि अख्खी बेथेलवाडी नुसत्या माना हलवत होती. मोठ्या माणसांचं असंच असतं. एकदा ठरवलं की ठरवलं. मग समोर लेकरू रडून रडून आटलं तरी चालतं.

तारा होत्या ऑटोहार्पच्या. ऑटोहार्प म्हणजे छत्तीस तारांची चपटी लाकडी पेटी. ती छातीशी धरून वाजवायची, तान्ह्या बाळाला धरतात तशी. तारांवर आडव्या काळ्या पट्ट्या असतात आणि पट्ट्यांना खालून मऊमऊ लोकरीचे तुकडे. एक पट्टी दाबली की लोकर नको त्या तारांवर बसते आणि त्यांना गप्प करते. उरलेल्या तेवढ्या बोलतात. आणि बोलतात कशा! झुळझुळ, रुणझुण, जसं काही ओढ्याच्या पाण्यात कुणी मूठभर चांदण्या टाकल्या.

ही पेटी पुष्कळ वर्षांपूर्वी एक मडम आगबोटीतून घेऊन आली होती. तिचं गाव समुद्रापलीकडच्या डोंगरांत. तिथल्या जुन्या गाण्यांना ब्लूग्रास म्हणतात, म्हणजे निळं गवत. वरून भरभर धावणारी गाणी, आणि आतून रडणारी. मडमेनं ती दीनाच्या आईला, सगुणाला, शिकवली. जाताना पेटी प्रार्थनाघराला देऊन गेली, पण सांगून गेली की सांभाळायची सगुणानंच. सगुणानं गाणी दीनाला शिकवली. एक वाजवायची, दोघी गायच्या. मग सगुणाला ताप आला, आणि आठव्या दिवशी सगुणा गेली.

उरली दीना आणि उरला तिचा बाप शमुवेल. तो विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचा. काम मिळालं तर भाकरी, नाही मिळालं तर पेज. दीनाचा फ्रॉक इतका विरला होता की उन्हात धरला तर पलीकडची कोंबडी दिसायची.

आणि आता या तुटक्या तारा. सगळ्याच्या सगळ्या, छत्तीस.

"पेटी तुमच्या घरात," रिबकाबाई म्हणाल्या. प्रार्थनाघरात त्यांचा शब्द शेवटचा. "तिला हात लावणारी तू एकटी. मग काय उंदरानं खाल्ल्या?"

"उंदीर तारा खात नाही, मावशी."

"बघा, जीभ बघा पोरीची! ऐक. रविवारी सगळ्यांसमोर खरं सांगायचं. नाही तर सोमवारी तुझी रवानगी शहरातल्या बोर्डिंगात. शमुवेल, तू बाप आहेस, तू तरी बोल."

शमुवेलनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

दीना प्रार्थनाघरामागच्या बागेत पळाली. तिथं एक उंचच उंच बुचाचं झाड होतं. त्याची लांब देठांची पांढरीशुभ्र फुलं टपटप खाली पडत होती. दीना पेटी कुशीत घेऊन झाडाखाली बसली आणि हमसाहमशी रडली.

तेवढ्यात एक फूल पडता पडता मध्येच थांबलं, हवेत, तिच्या नाकासमोर. ते फूल नव्हतंच! ती होती बोटभर उंचीची परी. अंगात बुचाच्या पाकळ्यांचा झगा, केसांत दवाचे इवले इवले मणी, आणि पंख निळ्या गवताच्या पात्यांसारखे, सळसळणारे, चमचमणारे.

"का गं रडतेस, सोनुली?"

"सांगून काय उपयोग? तुलाही खरं वाटणार नाही."

"सांगून तर बघ."

दीनानं सांगितलं. परीनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "मला खरं वाटलं."

तेवढं ऐकून दीनाला आणखीनच रडू आलं.

"तीन इच्छा देते तुला," परी म्हणाली. "पण माझ्या इच्छा तुझ्या पेटीसारख्या असतात. पट्टी दाबली की काही बोलतं, काही गप्प होतं. तू मागशील ते बोलतं होईल, आणि त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी कायमचं गप्प होईल."

"आधी तारा दे माझ्या."

"बरं. त्या फांदीवरच्या बुलबुलाचं गाणं गप्प करू?"

दीनानं वर पाहिलं. वाटीएवढं घरटं, घरट्यात तीन उघड्या चोची. "नको, नको! पिल्लं आईला हाकेवरून ओळखतात. माझं गाणं घे."

"आईबरोबर गायचीस ते?"

दीनानं घरट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. "तेच," म्हणाली.

परीनं एका पट्टीवर पाय ठेवला. टिंग! एक तार उजळली. टिंग, टिंग! सोनेरी, चंदेरी, पुन्हा सोनेरी, छत्तीसच्या छत्तीस. दीनानं हरखून हात फिरवला आणि गायला तोंड उघडलं. नुसता वारा आला. बोलता येत होतं, गाता येत नव्हतं. तिनं तोंड मिटलं.

"दुसरी इच्छा. तारा कुणी तोडल्या ते मला कळू दे."

"कळेल. पण ते नाव तुझ्या जिभेवर कधी येणार नाही. पाटीवरही लिहिता येणार नाही."

"चालेल."

परीनं केसांतला एक मणी पाकळीवर ठेवला. मण्यात दीनाचं घर दिसलं. भर दुपार. आत दीना पेटी वाजवते आहे. शमुवेल कामावरून येतो, दाराबाहेर सूर ऐकतो, हातातली पिशवी टाकून धावत आत शिरतो. "सगुणा!" आत दीना. तो मागे फिरून पाय धुवायला जातो. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. चौथ्या दिवशी दीना शाळेत असते, आणि शमुवेलच्या हातात पक्कड. कट. कट. कट. शेवटची तार तुटली तेव्हा तो पेटी छातीशी धरून जमिनीवर बसला.

मणी सुकेपर्यंत दीना बघत राहिली. तिला राग आला. यायलाच हवा. बापानं तोंड उघडलं असतं तर?

"तिसरी इच्छा मी रविवारी मागीन," ती म्हणाली. "सगळ्यांना माझं खरं वाटू दे, अशी."

रविवारी प्रार्थनाघर गच्च भरलं. दीना पेटी घेऊन पुढं आली. तारा लखलखत होत्या.

"नव्या तारा लावल्या म्हणून पाप धुतलं जात नाही!" रिबकाबाई कडाडल्या. "कुणी तोडल्या ते बोल."

दीनानं तोंड उघडलं. नाव आलं नाही.

"बघा! गप्प! उद्या सकाळची एसटी."

दीनानं पेटी छातीशी धरली आणि वाजवायला लागली. ते गाणं होतं डोंगरातल्या एका बाईचं. बाई ओढ्यापलीकडे गेली, ओढ्याला पूर आला, आणि ती पलीकडूनच घराकडे बघत राहिली. सूर धावले, अडखळले, पुन्हा धावले. मागच्या बाकावर शमुवेल उठला. घराला आग लागल्यासारखा दाराकडे निघाला.

परी पट्टीवर येऊन बसली. ती दीनाशिवाय कुणालाच दिसत नव्हती. "माग आता. सगळ्यांना खरं वाटेल."

"आणि गप्प काय होईल?"

"तुझा बाप. या दारातून गेला की शरमेनं तुझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही."

दीनाची बोटं थांबली नाहीत. गालांवरून पाणी घळघळ वाहत होतं. "मग ते नको. बाबांना हे गाणं शेवटपर्यंत ऐकता येऊ दे."

"आणि तुझं खरं?"

"राहू दे."

"बोर्डिंगात जाशील?"

"जाईन."

परीनं तिच्या ओल्या गालावर आपला चिमुकला हात ठेवला. "अशी इच्छा अजून कुणी मागितली नव्हती गं. याच्या बदल्यात मीच गप्प होते." आणि तिनं सगळा इवलासा भार देऊन पट्टी दाबली.

उजेड! आधी दुधाळ, मग निळा, मग मधासारखा पिवळा. कौलांपर्यंत भरला, खिडक्यांतून सांडला, म्हाताऱ्यांच्या टकलांवर चमकला. आणि हळूहळू विरला. पट्टीवर कुणीच नव्हतं. बुचाच्या फुलांचा वास तेवढा राहिला.

शमुवेलचा हात कडीवर होता. तो तसाच थांबला. मग माघारी आला आणि दीनाच्या पायाशी जमिनीवर बसला. त्यानं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मोठ्यानं रडला, लाज सोडून रडला, पण सगुणाला हाक मारली नाही.

शेवटची तार शांत झाल्यावर म्हणाला, "छान वाजवलंस, दीने." आणि उठून उभा राहिला.

"रिबकाबाई, पोर कुठं जाणार नाही. तारा तोडणारा इथंच आहे."

"कोण?" सगळ्या माना एकदम वळल्या.

दीनानं त्याचा सदरा ओढला. "बाबा, नको ना."

त्यानं तिचा हात आपल्या हातात घट्ट धरला. "ज्यानं तारा तोडल्या, आणि वर नऊ वर्षांच्या लेकराला बोलणी खाऊ दिली, त्याला काय बोलायचं ते बोला. हिला नको. त्याचं नाव शमुवेल."